मुंडावळ्यांची पैज

पैज माझ्यामुळेच लागली, सोसायटीत कुणालाही विचारा. वाघोलीला आमच्या गेटाशेजारी कट्टा आहे, त्यावर संध्याकाळी आम्ही तिघं बसलो होतो. मी, हिंमतराव, आणि कुठल्याही भांडणात पंच असतात त्या तळमजल्यावरच्या रझियाभाभी. हिंमतरावांनी मोबाइलवर एक पिवळी गाडी दाखवली. परदेशी, दोनच सीटा, आणि इतकी बसकी की खालून जाताना मांजरानं मान वाकवावी. गोव्यात होती, वापरलेली. म्हणाले, घेतोय.

मी म्हटलं, घ्या की. पण ती आपला स्पीडब्रेकर ओलांडून आत आली, तर मी मुंडावळ्या बांधून सगळ्यांसमोर ती धुईन. नाही आली, तर तुम्ही मुंडावळ्या बांधून माझी स्कूटर धुवायची.

"लागली," हिंमतराव म्हणाले. भाभींनी साक्ष म्हणून चहाचा शेवटचा घोट घेतला.

आता हा स्पीडब्रेकर म्हणजे स्पीडब्रेकर नाही, घाट आहे. रिक्षावाले पॅसेंजरला गेटाबाहेरच उतरवतात. तो बांधला खुद्द हिंमतरावांनी, चेअरमन असताना. त्यांचा तेजस बाइक सुसाट आत आणायचा म्हणून. पुढे तेजस कॅनडाला गेला, बाइक भंगारात गेली, घाट तेवढा राहिला.

गाडीचं कारणही तेजसच. शाळेत असताना ह्याच गाडीचं पोस्टर त्याच्या खोलीत होतं. गेल्या दिवाळीला फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही ती गाडी घ्या, मी पुढच्या विमानाने येतो. बोलण्याच्या ओघात म्हणाला असेल. पण बायको गेल्यापासून हिंमतराव एवढ्या मोठ्या फ्लॅटात एकटे, आणि एकट्या माणसाला फोनवरची वाक्यं पाठ होतात. पैशाची अडचण नव्हती. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचीच ज्वारी असायची.

मी जन्मभर जुन्या गाड्यांची दलाली केली, म्हणून बघायला मला बरोबर घेतलं. मलाही घरी कुणाला विचारायचं नव्हतं. पिशवी भरली, कुलूप लावलं, निघालो.

गाडी समुद्रापासून दोन घरं आत, पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मालकीण शालनबाई. गाडी त्यांच्या मिस्टरांची, ते वारले होते. वरून बघाल तर नवरदेव. मी जमिनीवर पाठ टेकून खाली डोकं घातलं, तर बोल्टांवर पांढरा फुलोरा, जाळीला मिठानं चावलेलं. दाराचं रबर उन्हानं बिस्किटासारखं तुटत होतं. टायरच्या खाचा कोऱ्या, पण बाजूला भेगा. उंचवटा आला की नाक वर उचलायचं एक बटण ह्या गाड्यांना असतं. ते दाबलं. आत काहीतरी कण्हलं, आणि नाक होतं तिथेच राहिलं.

हे सगळं मी हिंमतरावांना जसंच्या तसं सांगितलं. वर हेही सांगितलं की स्कूटर धुवायला साबण तुमचा.

शालनबाई पायरीवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "समुद्रानं कमी खाल्ली हो हिला. उभी राहून राहून जास्त गेली. रविवारी ह्यांना शेजारी बसायला कुणीतरी हवं असायचं. माझी कंबर त्या सीटवर उतरेना. मग ह्यांनी काढायचीच सोडली."

हिंमतरावांनी टपावरून हात फिरवला. "नेतो मी हिला. माझ्याकडं बसायला माणूस येणार हाय."

गाडी ट्रकवरून पुण्याला आली. गेटाची कमान ट्रकला बुटकी, म्हणून बाहेर रस्त्यावरच उतरवली. हिंमतरावांनी चारी बाजूंनी फोटो काढून तेजसला पाठवले आणि आम्ही कट्ट्यावर बसलो. उत्तर यायला संध्याकाळ झाली. त्यांचा चष्मा वर घरात राहिला होता, म्हणून मला वाचायला दिलं.

बाबा, खरंच घेतली? अहो, मी गंमत केली होती. ह्या वर्षी सुट्टी नाही. आणि आम्ही चौघं, त्यात बसणार कुठे?

पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. ती मी वाचून दाखवली नाही.

त्यांनी गाडीवर कव्हर घातलं आणि वर गेले. मग कट्ट्यावर येईनातच. गाडी बाहेर रस्त्याकडेला उभी, बॉनेटवर गल्लीतलं कुत्रं झोपलेलं. मी थट्टा करायला माणूस शोधत फिरायचो आणि घरी यायचो. शेवटी बेल मारली.

दार उघडून म्हणाले, "मुंडावळ्या आणल्या का? चला, धुतो तुमची स्कूटर."

"गाडी अडली कुठे? नुसती उभी आहे. अशी फुकटची पैज मी जिंकत नाही."

"आत आणून करायचं काय? बसणार कोण हाय त्यात?"

"आधी आत आणा. रविवारी सकाळी. पैज म्हणजे पैज."

रविवारी मी मांडववाल्याकडून जाड फळ्या आणल्या आणि घाटाच्या दोन्ही अंगांना उतरत्या लावल्या. मग सगळ्या सोसायटीसमोर रस्त्यावर पालथा पडून नजरेनं अंतर मोजलं. गॅलऱ्या भरल्या होत्या. वरून कुणीतरी विचारलं, संजयराव, स्वतः हरायला एवढी मेहनत? मी म्हटलं, तुम्हाला घरबसल्या करमणूक आहे ना, बघा गुपचूप.

हिंमतरावांनी भाभींकडे पाहिलं. भाभी म्हणाल्या, "फळ्यांचं काही ठरलं नव्हतं. चालेल."

शेजारी कुणी बसायचं नव्हतं, वजनानं बूड टेकलं असतं. ती सीट मोकळी ठेवून हिंमतराव एकटे आत उतरले. मी उलटा चालत, येऊ द्या, येऊ द्या करत. गाडी फळीवर चढली, मध्ये खर्र झालं, आणि ती आत आली. टाळ्या पडल्या. भाभींनी मला खाली बसवून मुंडावळ्या बांधल्या आणि हातात बादली दिली.

मी धुवायला लागलो. मोबाइल माझ्यावर रोखले होते. कपाळावरचे मोती साबणात बुडत होते, लोक पोट धरून हसत होते, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. हिंमतराव स्पीडब्रेकरवर खुर्ची टाकून बसले. त्यांनी तेजसला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्याकडे वळवून धरला. तिकडे शनिवारची रात्र. रिंग वाजत राहिली. मी हसरं तोंड करून कापड फिरवत राहिलो. रिंग थांबली. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"मागचं चाक राहिलं, संजयराव," ते म्हणाले.

"धुतो."

"झालं की घाटापलीकडं काढतो, तिथं बसा आत. खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ."

"भिजलोय मी. ह्या तरी काढू का?"

"राहू द्या. पैज फिटायची हाय अजून."

मी मागच्या चाकाकडे वळलो. त्याच्या खाचांतून अजून गोव्याची वाळू निघत होती.