ड्रममागची जागा

एप्रिलमध्ये देशाचं सैन्य इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटांवर उतरलं आणि ब्युनोस आयर्सच्या रेडिओवरून इंग्रजी गाणी बंद झाली. केंद्रांपाशी स्पॅनिश रॉकच्या तबकड्या मोजक्याच होत्या. त्यामुळे एर्नान विग्नोलाच्या बँडचं, वर्षभर कपाटात धूळ खात पडलेलं 'शेवटची बस' दिवसातून अनेकदा वाजू लागलं. गाणं होतं मैत्रिणीच्या घरून परतताना बस चुकलेल्या मुलाचं. ऐकणाऱ्यांनी ते आघाडीवर गेलेल्या पोरांचं करून टाकलं. मे महिन्यात ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं.

ज्याच्या ठोक्यांवर ते गाणं उभं होतं, तो ड्रमर नेस्तोर मात्र त्याच बेटांवर होता. सक्तीच्या लष्करी सेवेतून तो नुकताच सुटला होता, तेवढ्यात पुन्हा बोलावणं आलं.

पहिल्या आलेल्या गाण्याला शनिवारी टीव्हीवर बोलावत. तिथं खरं वाजवायचं नसे. तबकडी लागे, गायक नुसते ओठ हलवी आणि ड्रमरला फडकी गुंडाळलेल्या काड्या मिळत.

"ड्रमवर कोण बसणार?" निर्माते पालासिओस यांनी फोनवर विचारलं.

"कोणी नाही," एर्नान म्हणाला. "नेस्तोरची जागा रिकामी ठेवणार."

"आणि ठोके काय भूत मारणार?"

"लोकांना कळेल."

"लोकांना कळेल याचीच भीती आहे. वरून, लष्करातून, फोन मला येतो, तुम्हाला नाही. माणूस बसवा, नाहीतर दुसऱ्या नंबरचे तयारच आहेत. उद्या दुपारपर्यंत सांगा."

बेस गिटार वाजवणाऱ्या लालोकडे तोडगा होता. "माझा मेहुणा बसेल. रोके. मांसाचं दुकान आहे, हाताला सवय आहे."

"हाडं तोडायची."

"मग? तालातच तोडतो."

एर्नानला हसू आलं नाही. दुसऱ्याला बसवून पहिला नंबर मिरवला, तर नेस्तोर परतल्यावर त्याला तोंड कसं दाखवायचं? नकार द्यायचं त्यानं ठरवलं. पण नेस्तोरच्या आईनं शनिवारचं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. आधी तिला सांगणं भाग होतं.

शुक्रवारी सकाळी तो लानुसला नेस्तोरच्या घरी गेला. नेस्तोरची आई, दोन्या इर्मा, स्वयंपाकघरात मफलर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया बाजूला ठेवून 'माते' या कडवट पाल्याच्या चहाचं भांडं भरलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"किती वाळलायस. पहिला नंबर आला की जेवण बंद करतात का रे?"

"दोन्या इर्मा, उद्या आम्ही टीव्हीवर जात नाही."

त्यानं सगळं सांगितलं.

"जागा रिकामी ठेवायची कल्पना कुणाची?"

"माझी. त्याच्या मानासाठी."

"अरे शहाण्या," त्या म्हणाल्या, "या टेबलाशी एक खुर्ची रिकामी आहे. रोज जेवताना ती समोर असते. आता टीव्हीवर आणखी एक दाखवणार तू? सगळ्या गल्लीसमोर? असा मान मेलेल्यांना देतात. माझा पोरगा परत यायचाय. बसव कुणालातरी."

"लालोचा मेहुणा आहे. मांसविक्या."

"मग एप्रन काढून यायला सांग त्याला."

एर्नाननं रिकामं भांडं परत केलं. कोपऱ्यावरच्या फोनवरून त्यानं पालासिओसना होकार कळवला.

शनिवारी रोके कोट घालून ड्रममागे बसला. त्याचे हात ठोक्यांपेक्षा किंचित मागे पडत होते. गाणं संपेपर्यंत एर्नाननं मागं वळून पाहिलं नाही. मग त्यानं दोन्या इर्मांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. गल्लीतली माणसं तिथंच जमली होती. दोन्या इर्मा फोनवर आल्या, तेव्हा मागे सगळ्यांचा गलका ऐकू येत होता.

"पाहिलंत?"

"पाहिलं. त्या माणसाचे हात उशिरा पडतात. शेवटी मी डोळेच मिटले. मग नेस्तोर नीट वाजवत होता."

"हो."

"आणि त्या मांसविक्याला सांग, जागेची सवय लावून घेऊ नकोस म्हणावं."

एर्नाननं निरोप दिला. रोकेनं मान हलवली, काड्यांवरची फडकी सोडली आणि तो स्टुलावरून उठला.