नुसता हात कोण उचलतो?

मानवी मेंदू हे विश्वातलं सर्वांत गहन कोडं आहे, असं प्रयोगशाळेच्या दारावर लिहिलेलं होतं. ते दार जरा वर उचलून ढकलल्याशिवाय उघडत नसे.

ती रुजू झाली त्या दिवशी तिनं आधी त्याच्या बिजागऱ्या आवळल्या. नऊ वर्षं इस्पितळांतली यंत्रं दुरुस्त करून ती मेंदूकडे वळली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर तिला ‘मिस्त्री’ म्हणत. आई म्हणाली, “जगाचे मेंदू बघ गं, पण आपल्या मिक्सरचं काय?”

प्रयोग सोपा होता. पक्षाघातानं उजवा हात गेलेल्या टेलरकाकांच्या डोक्यावर तारांची टोपी, शेजारी टेबलावर यांत्रिक हात. काकांनी मनातल्या मनात हात उचलायचा, की यांत्रिक बोटं मिटायची. तीन महिने बोटं ढिम्म. काका काही सांगू लागले की सर म्हणत, “बोलू नका, सिग्नल बिघडतो.”

शुक्रवारी अनुदान देणारी समिती येणार होती. बोटं हलली नाहीत तर प्रकल्प बंद, आणि तिची रवानगी पुन्हा तळघरातल्या दुरुस्ती विभागात.

त्या दिवशी सर समितीला आणायला फाटकाशी गेले. बंद पडलेलं यंत्र चालवणाऱ्याला ती नऊ वर्षं जे विचारत आली होती, तेच तिनं विचारलं. “काका, तुम्ही नेमकं करता काय?”

“सांगता तेच. हात उचलतो. पण नुसता हात कोण उचलतो, पोरी? मी शेवटचा उचलला तो शाळेत, लघवीला जायला.”

“मग तुमचा हात करायचा काय?”

“चाळीस वर्षं कात्री चालवली.”

“मग चालवा. कोट कापा.”

“कापड कुठलं?”

“लोकरी.”

काकांनी डोळे मिटले. पडद्यावरच्या लाटा एकदम दबल्या; मेंदू खरोखर हात चालवू लागला की त्या अशाच दबतात. यंत्राला ही नवी खूण शिकवायला तिला वीस मिनिटं लागली. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. दार मुकाट्यानं उघडलं आणि समितीनं ती हलती बोटं डोळ्यांनी पाहिली.

“मी म्हणत होतोच!” सर धावत येऊन हातावर वाकले. बोटांनी त्यांची बाही पकडली आणि सोडेनात. टाळ्यांचा कडकडाट झाला. समितीच्या अध्यक्षांनी डोळे पुसले. प्रकल्पाला पाच वर्षं मिळाली, तिला कायमची नेमणूक.

“आता बोलू का?” काकांनी विचारलं.

“बोला, बोला!” सर म्हणाले.

“तीन महिने सांगायला बघतोय. साहेब, तुमची ही डावी बाही अर्धा इंच आखूड आहे.”

तिनं टेप लावून पाहिली. अर्धा इंचच होती.