तेराव्या मजल्यावरचं पहिलं बक्षीस

ग्योंग-हीबाईंनी बक्षिसाची दहा किलो तांदळाची पिशवी बांगच्या खांद्यावर दिली आणि लिफ्टमध्ये तेराचं बटण दाबलं. दक्षिण कोरियातल्या चुनचॉनच्या त्या वसाहतीत एकशे ऐंशी घरं. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून त्यांचं हे सहावं वर्ष. यंदा घरं उबदार ठेवायला फरशीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याचे दर वाढले, तेव्हा स्पर्धेची कल्पना त्यांनीच काढली. हिवाळाभर ज्या घरात सगळ्यात कमी उष्णता वापरली जाईल, त्याला तांदूळ. लोकांनी हौसेनं खिडक्यांना फुग्याफुग्यांचं प्लास्टिक चिकटवलं, दारांच्या फटी बुजवल्या, आणि बिलं खरोखरच उतरली.

"अध्यक्षबाई, हा आकडा काही मला पटत नाही बरं का," बांग म्हणाला. तो वसाहतीच्या कार्यालयाचा मिस्त्री, मीटर वाचायचं काम त्याच्याचकडे. "तीन महिन्यांत काटा जवळजवळ हललाच नाही. म्हाताऱ्यानं मीटरशी काहीतरी चावटपणा केलाय."

"नामगुंग आजोबांनी? अहो, चाळीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी. दुसऱ्याचं पाकीट कधी उजेडात धरून बघितलं नसेल."

"मग काय, ते बेडकासारखे झोपून काढतात का हिवाळा?"

बाई हसल्या. घंटा वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग कडी सरकली, दार उघडलं, आणि बाईंचं हसू तोंडावरच विरलं.

आतून जी हवा आली ती बाहेरच्या जिन्यापेक्षाही गार होती. नामगुंग आजोबा ओव्हरकोट, लोकरी टोपी आणि हातमोजे घालून उभे होते. तोंडातून वाफ निघत होती.

"या, या. बूट काढू नका," ते म्हणाले.

बूट काढू नका! उभ्या आयुष्यात बाईंनी कुणाच्या घरात हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी बूट काढलेच. मोज्यांतून फरशीचा गारठा असा चढला, की बर्फावर पाऊल पडल्यासारखं त्या दचकल्या. दिवाणखान्याच्या मध्यभागी एक छोटा तंबू उभा होता, आत दोन रजया आणि गरम पाण्याच्या बाटल्या. कोपऱ्यात काळ्या फितीची तसबीर. आजोबांची बायको ऑक्टोबरात गेली होती.

"आजोबा, हे काय आहे? यंत्र बिघडलंय का? कळवलं का नाही?"

"बिघडेल कशाला? तुम्हीच ना कमी केलंय सगळ्यांचं?"

"मी?"

"नोटीस लावली होतीत की. 'या हिवाळ्यात आपण सगळे मिळून थोडी थंडी सोसूया.' मी म्हटलं, सगळे सोसतायत, तर मी एकट्यानं तक्रार का करायची?"

बांगनं पिशवी खाली ठेवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सारलं. त्यामागे घर गरम करण्याचं बटण होतं. काटा 'घराबाहेर' या खुणेवर.

"अहो, हे बंदच आहे!" तो ओरडला. "कुणी फिरवलं?"

आजोबा जवळ आले, डोळे बारीक करून पाहत राहिले. "हिनं असेल. दवाखान्यात निघालो त्या दिवशी. ते सगळं तीच बघायची. मला ठाऊकसुद्धा नव्हतं ते तिथं आहे." मग ते बाईंकडे वळले. "म्हणजे... तुमच्याकडे गरम होतं?"

बाईंना खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ वळेना.

"वीस अंश," त्या म्हणाल्या.

"वीस?"

"हो."

"मग सगळ्यांकडेच?"

"हो, आजोबा."

ते तंबूच्या तोंडाशी खाली बसले. "मला वाटायचं, वरचे, खालचे, सगळेच कुडकुडतायत. म्हणून तर जमलं." आणि एकदम चिडून म्हणाले, "असं लिहितात का हो नोटिशीत? सगळे मिळून म्हणे!"

बाईंना राग आला नाही. आपलंच अक्षर, आपलेच शब्द. लिहिताना किती गोड वाटले होते. आजोबा बसता बसता कळवळल्याचं त्यांनी पाहिलं. "पाय दाखवा बघू," त्या म्हणाल्या. आजोबा नाही नाही म्हणत राहिले, तरी त्यांनी मोजे उतरवलेच. बोटं जांभळी पडून सुजली होती, दोन फुटली होती. बांगनं तोंड फिरवलं.

"बघताय काय? गाडी काढा," बाई म्हणाल्या. आपला कोट त्यांनी आजोबांच्या पायांभोवती गुंडाळला.

दवाखान्यात कळलं, छातीतही कफ साचलाय. नऊ दिवस ठेवून घेतलं. बोटं वाचली. बाई रोज समुद्रशेवाळाचं सूप घेऊन जायच्या. पहिले तीन दिवस आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "हिला कळलं असतं ना, तर टपालाच्या थैलीनं बडवलं असतं मला," आणि वाडगा पुढे केला.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर बाईंनी आधी लिफ्टमधली नोटीस फाडली. मग कार्यालयात मीटरची वही उघडून आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या. चारशे दोन नंबरच्या घराच्या ओळीवर बोट थांबलं. तिथंही जवळजवळ शून्य. आठवड्यापूर्वी हाच आकडा पाहून त्या 'वा!' म्हणाल्या होत्या.

त्या जिन्यानंच चौथ्या मजल्यावर धावल्या. दार मुठीनं ठोठावलं. एका तरुण मुलीनं उघडलं. पायाशी प्रवासाची बॅग, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, चेहऱ्यावर आठ्या.

"काय हो? तीन महिने जहाजावर होते, आत्ता कुठं घरात पाऊल टाकतेय."

बाईंनी उंबऱ्याच्या आत वाकून फरशीवर तळहात टेकवला. फरशी नुकती कोमट होऊ लागली होती. मुलगी बघतच राहिली. इथं कुणी कुडकुडलं नव्हतं. तरी बाईंना चटकन उठता येईना.