चालतंय की

डोक्याला तो लेप लागला की जयमालाला सकाळचा चहा घशाशी यायचा. गार, बुळबुळीत, शेंबडासारखा. त्यावर रबराची घट्ट टोपी आणि टोपीतून निघालेल्या वायरी. लेप लावणारी निशिगंधा वाईट नव्हती. मेंदूवर शिकलेली पोरगी, "पाचच मिनिटं हं ताई," म्हणत हलक्या हातानं लावायची. पण निगडीला घरी जाऊन रोज केस धुवायचे कुणी?

चाकणच्या या कारखान्यात जयमाला एकोणीस वर्षं गिअरबॉक्स ऐकत होती. फिरत्या गिअरबॉक्सला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतलं ऐकायचं. चांगला असेल तर हिरवा स्टिकर, नसेल तर लाल. स्टिकरवर तिचा नंबर, चौदा. "रडायलंय हे," ती म्हणायची, आणि उघडल्यावर आत एखादा दात खरचटलेला निघायचाच.

कंपनीला हा कान आता मशीनमध्ये हवा होता. त्यासाठीच ही टोपी आणि टेबलावर एक माइक, गेले तीन महिने.

"मेंदू सगळंच ऐकत बसत नाही, ताई," निशिगंधानं समजावलं होतं. "पुढं काय ऐकू येणार ते तो आधीच धरून चालतो. तसं झालं नाही की दचकतो, तुम्हाला कळायच्याही आधी. तो दचका मी टिपते आणि त्यावरून मशीनला शिकवते."

"म्हंजे भाकरी थापताना तव्याकडं न बघता कळतंय, आता करपायली म्हणून, तसं?"

"अगदी तसं."

एवढं जयमालाला पटलं. सोसत नव्हता तो रणजीत साहेब, क्वालिटी मॅनेजर. गालात कायम सुपारी. महिनाअखेरीला माल निघायची घाई झाली की हा पाठीशी येऊन उभा, सुपारीचा ओला वास थेट मानेवर. ती लाल स्टिकर उचलायची आणि तो म्हणायचा, "चालतंय की, ताई. चालतंय." एकोणीस वर्षं कंत्राटावर असलेल्या बाईनं साहेबाशी किती भांडायचं? ती हिरवा लावायची. लावताना तिला स्वतःच्याच बोटांची शिसारी यायची.

मागल्या आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीकडून तीन गिअरबॉक्स परत आले. तिन्हींवर चौदा नंबर.

"कान गेलेत ताईंचे," रणजीत साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाला. "वय झालं. सोमवारी पाहुण्यांना मशीन दाखवू. ते पास झालं की ताईंना सुट्टी."

चोराच्या उलट्या बोंबा! पण सांगणार कुणाला आणि साक्षीला होतं कोण? नोकरी जाईल ते जाईल, पण कान गेला म्हणून जाईल, हे तिला गिळवत नव्हतं.

सोमवारी गिऱ्हाईक कंपनीचे अर्जुनराव आले. उघडून तपासलेले, खात्रीचे चांगले दहा गिअरबॉक्स मांडले होते. पहिला फिरला, मशीनवर हिरवा दिवा. दुसरा हिरवा, तिसरा हिरवा. रणजीत साहेबाची छाती फुगली.

चौथा फिरायला लागला तसा तो म्हणाला, "बघा साहेब, चालतंय की!"

लाल.

"आं? चांगलाय हा." पुन्हा फिरवला. सगळे गप्प, दिवा हिरवा. "हां, आता चालतंय."

लाल.

अर्जुनरावांनी हसू दाबलं. निशिगंधा मात्र लॅपटॉपवर वाकली होती. तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"चूक माझी आहे, सर. मशीनला मी स्टिकरवरून नाही, ताईंच्या मेंदूवरून शिकवलं. माइकमध्ये गिअरबॉक्सबरोबर बोलणंही आलं, ते मी गाळायला हवं होतं. 'चालतंय' हा शब्द एकतीस वेळा आलाय. एकतीसही वेळा ताईंच्या मेंदूनं 'खराब' म्हटलंय. मशीननं शब्दच खराब धरला."

"आणि स्टिकर?" अर्जुनरावांनी विचारलं.

"एकतीसही हिरवे. परत आलेले तीन त्यातलेच आहेत."

तिनं त्यातलं एक रेकॉर्डिंग लावलं. गिअरबॉक्सची घरघर. मग जयमालाचा आवाज, "रडायलंय हे, साहेब." मग सुपारी चघळल्याचा चपचप आवाज, आणि तो शब्द.

अर्जुनराव जयमालाकडे वळले. "तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग हिरवा का लावलात?"

रणजीत साहेबाकडे बोट दाखवायला काहीच लागत नव्हतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. जयमालानं आपल्या बोटांकडे बघितलं. एकतीस वेळा ह्याच बोटांनी लावला होता.

"कान शाबूत हाय माझा, साहेब," ती म्हणाली. "हात नासला."

अर्जुनरावांनी लाइनवरून आत्ताच उतरलेला गिअरबॉक्स लावायला सांगितला. जयमालानं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले.

"रडायलंय," ती म्हणाली आणि लाल स्टिकर उचलला.

"चा—" सवयीनं रणजीत साहेबाचं तोंड उघडलं. समोर माइक होता. त्यानं दिव्याकडे बघितलं आणि शब्द सुपारीच्या रसासकट गिळला. त्या घोटाचा आवाजही जयमालाला ऐकू आला. तिनं स्टिकर लावला आणि अंगठ्यानं चारी कोपरे दाबले.