शिमग्याचे बत्तीस

फेब्रुवारी अजून संपला नव्हता आणि पारा ३८.६ वर चढलेला. सुचितानं पेटीतून मान बाहेर काढली, ओढणीनं चष्मा पुसला आणि पुन्हा आत घातली. ३८.६च.

नेरूळच्या एका कॉलेजमागं, मोकळ्या जागेत चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, आत तापमापक, आणि रोज सकाळी साडेआठला नि संध्याकाळी साडेपाचला त्यांच्याकडं बघणारं एक माणूस. एवढंच हवामान केंद्र. तीस वर्षं ते माणूस म्हणजे तिचा बाप होता, सारसोळ्याचा नामदेव. गेल्या जूनपासून ती.

खोलीत येऊन तिनं भिंतीवरचा तक्ता बघितला. प्रत्येक तारखेसमोर बापाच्या वह्यांवरून काढलेली सरासरी. आजची ३१.९. म्हणजे जवळजवळ सात अंश जास्त!  आकडा तिनं वहीत लिहिला.

"ताई, हितं उन्हाचा दाखला मिळतो न्हवं?"

दारात एक बाई उभी होती. पदरानं तोंड पुसत, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. नाव पुतळा. राहायला करंजाड्यात, मूळची जतकडची. सुचितानं तिला पाणी दिलं. बाईनं ते न पिता आधी पिशवीतले कागद काढून टेबलावर मांडले.

"ह्यो आमच्या मालकांचा. कृष्णात नाव. गेल्या वर्सी धुळवडीला गेलं. भर दुपारी स्लॅबवर लोखंड बांधाय लावलं मुकादमानं. तितंच कोसळलं."

कागद ठेकेदाराचा होता. 'सणानिमित्त मद्यप्राशन करून कामावर हजर. सदर दिवशी तापमान सामान्य.'

"जल्मात थेंब घेतला न्हाई ओ त्यांनी. आता आठ दिवसावर वरीसराद्ध आलंय, तर भावकी म्हनती, दारू पिऊन मेलेल्याच्या पानाला आमी बसनार न्हाई. माझी सासू तोंड लपवून ऱ्हाती. मोबाईलवर त्या दिवशी चाळीस दावत हुतं, म्या सोता बघितलं. लेबर हापिसातलं सायेब म्हनलं, मोबाईलचं चालत न्हाई, केंद्राचा दाखला आना. ठेकेदाराकडं तर हाय म्हनं दाखला. ह्यो बघा."

दुसरा कागद सुचिताच्या हातात आला. १४ मार्च, कमाल तापमान ३२.२. खाली शिक्का आणि वळणदार सही. ती सही तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं होती.

"आमच्या वहीत खोटं नसतं, ताई," ती म्हणाली. अभिमानानंच म्हणाली. आणि वही उघडून दाखवायला गेली.

११ मार्च, ३७.९. १२ मार्च, ३८.१. १३ मार्च, ३२.०. १४ मार्च, ३२.२. १५ मार्च, ३७.६.

दोन दिवस पारा दाणकन खाली आणि तिसऱ्या दिवशी परत वर? असं कधी होतं? आणि मग तिला ती धुळवड आठवली. सारसोळ्याच्या जेट्टीवर अनवाणी नाचून तिच्या तळव्यांना फोड आले होते. साडेपाच वाजता बाप कुठं होता? बोटीच्या नाळेवर, पार पुढच्या टोकाला. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. गात होता. दोघांनी बखोटीला धरून खाली उतरवला होता त्याला. आणि त्याच साडेपाचच्या रकान्यात निळ्या शाईनं स्वच्छ ३२.२.

"काय झालं ओ ताई? तोंड का असं झालं?"

"उद्या दुपारी या," सुचिता वही मिटत म्हणाली. "मी देते तुम्हाला कागद."

बाई गेल्यावर तिनं कपाटातल्या जुन्या वह्या जमिनीवर ओतल्या. त्याआधीच्या वर्षी २४ आणि २५ मार्च, बत्तीस. त्याच्या आधी ६ आणि ७ मार्च, बत्तीस. त्याच्या आधी १७ आणि १८. दरवर्षी तारीख सरकत होती, बत्तीस मात्र जागचे हलत नव्हते. मोबाईलवर पंचांग काढून तिनं एकेक वर्ष ताडून बघितलं. होळी, धुळवड. होळी, धुळवड. पुनवेमागं पुनव, तीस वर्षं. मार्चमधली जवळजवळ कुठलीच तारीख सुटली नव्हती. 

घरी आली तेव्हा गोजरा, तिची आई, नवऱ्याच्या नव्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. शनिवारी कॉलेजात त्याचा सत्कार होता. प्रिन्सिपल राजवर्धन सरांनी पत्रिकेवर छापलं होतं: 'तीस वर्षं, एकही खाडा नाही.'

"बाबा, शिमग्याला तुमी पेटी कदी उघडलीच नाही."

नामदेव हसला. "शिमग्याला कोन कामाव जातं गो? दर्याव पन कोन नाय जात."

"मग आकडे कुठून आणले?"

"तक्त्याव बघून लिवायचो. सरासरी तीच हाय नं."

"आणि तक्ता कशावरून बनला? तुमच्याच वहीवरून! तुमी तक्त्यावरून वही भरली आणि तुमच्या वहीवरून तक्ता!"

"ओरडू नको बापावर," गोजरा म्हणाली. "तीस वरसात एक रजा घेतली नाय त्यानं."

"घ्यायची होती ना! रकाना रिकामा राहिला असता. कोणाचं काही बिघडलं नसतं."

"दोन दिस बत्तीस लिवला," नामदेव आता चिडला, "म्हंजे काय उन कमी झाला?"

"ऊन कमी नाही झालं. माणूस दारुडा झाला."

मग तिनं पुतळाची सगळी हकिकत सांगितली. सहीचा कागद, भावकी, वर्षश्राद्ध. नामदेवाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि करपल्याचा वास आला.

"ठेकेदाराचा मानूस आलता एप्रिलात," तो म्हणाला. "वहीत हाय ता दिला. मना वाटला, कायतरी इन्शुरन्सचा काम असंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतळा आली तेव्हा केंद्राच्या खोलीत बाप-लेक दोघं होते. सुचितानं नवा दाखला टाईप करून ठेवला होता: 'दि. १४ मार्च रोजी नोंद घेतलेली नाही. आधीचा दाखला चुकीचा आहे.' राजवर्धन सरांना सकाळीच सांगून झालं होतं. सर आधी पांढरे पडले, मग म्हणाले, "शनिवार होऊन जाऊ दे, मग बघू." सुचितानं त्यांच्याच टेबलावरचा शिक्का उचलून कागदावर मारला आणि जागेवर ठेवला.

पुतळानं कागद वाचून घेतला. मग नामदेवाकडं बघितलं.

"सही तुमची का ती?"

"हो."

"त्या दिशी पेटी उघडलीच न्हाई?"

"नाय."

"कुटं हुता?"

नामदेवाची मान खाली गेली. "नाचत होतो. बोटीव."

"पिऊन?"

 सुचिताला वाटलं, आता बाप हात जोडेल, बाई रडेल आणि संपेल सगळं. पण पुतळा रडली नाही. तिनं दाखला त्याच्यापुढं सरकवला.

"नुसतं नोंद न्हाई म्हनून भावकीला काय कळनार? माज्या मालकांच्या कागदावर दारू लिवलीया. न पिता. तुमी पिला हुता न्हवं? मग तुमच्या कागदावर बी लिवा."

"बाबा, तसं लिहावं लागत नाही," सुचिता पटकन म्हणाली.

नामदेवानं तिच्या खिशातलं पेन काढून घेतलं. आजवर त्या हातानं हजारो आकडे लिहिले होते. आज पहिल्यांदाच शब्द लिहायचे होते. 'मी,' त्यानं लिहिलं, आणि पुढं पूर्ण नाव, आडनावासकट. 'धुळवडीच्या दिवशी दारू पिऊन होतो. म्हणून पारा पाहिला नाही.'

सही केली. पुतळानं शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.