टँकरच्या वेळेचं पान

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, वेबपानं बांधणारा. मित्रांनो, माझं नाव विचारू नका. मला बनवणाऱ्यांनीच ते कधीचं टाकून दिलं. पुंडलिकनगरात कमरोद्दीनभाईंच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात, कोपऱ्यातल्या संगणकात माझा मुक्काम आहे.

माझं काम सोपं होतं. तक्ता आखायचा, रकान्यांत मजकूर भरायचा, झालं पान. २०१३च्या दुष्काळात वसाहतीच्या समितीचा टँकर सुरू झाला, तेव्हा त्याच्या वेळांचं पान कमरोद्दीनभाईंनी माझ्याकडून बांधून घेतलं. वर लाल अक्षरांची सरकती पट्टी! मराठी फाँट नसेल तर पान वाचता येत नसे, म्हणून ते स्वतः फिरून नऊ घरांतल्या संगणकांत फाँट टाकून आले. त्या घरांतून वेळ गल्लीभर ओरडली जाई. लोक वाखाणत आणि मी फुगत असे.

शहर वाढलं, पाणी वाढलं नाही. २०१९ला पुन्हा टँकर आला. तोवर कमरोद्दीनभाईंची मुलगी नौशीन हेच काम शिकून आली होती.

"अब्बू, तक्त्यात कोणी पान बांधतं का आता?" म्हणत तिनं नवं पान केलं. आधी परवानगी विचारणारी चौकट, मग स्वागत, मग निळा टँकर थेंब उडवत येणार. मी वैतागलो. टँकर किती वाजता, एवढंच सांगायचं. त्यासाठी केवढी वरात!

एके दिवशी टँकर आठऐवजी साडेसहालाच येणार होता. नौशीननं तसं पानावर टाकलंही होतं. तरी सकाळी द्वारकाबाईंनी रिकामी कळशी दुकानात आणून आपटली. पाचोडहून आलेल्या या बाई पाच घरी स्वयंपाक करतात.

"नौशीन, तुझं पान उघडंना. नुस्तं चाक फिरतंय. टँकर येऊन गेला बी!"

"मावशी, फोन जुना झाला तुमचा. बदला ना."

"बदलते की. आधी घरात प्यायला पाणी दे."



"थांबा बाई, आपलं जुनं पान हाय अजून," कमरोद्दीनभाई म्हणाले. मी सरसावलो. द्वारकाबाईंच्या फोनवर पान लगेच उघडलं. द्वारकाबाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"भाई, ही कोणत्या मुलखाची भाषा म्हणायची?"

फोनात माझा फाँट नव्हता. टँकरच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसत होता. त्या नऊ घरांबाहेर माझं पान कोणालाच वाचता आलं नव्हतं, हे मला सहा वर्षांनी कळलं.

नौशीननं स्टूल ओढलं. मला उघडलं नाही, निळा टँकरही घेतला नाही. वेगळा फाँट न लागणाऱ्या मराठीत साध्या अकरा ओळी हातानं लिहिल्या आणि द्वारकाबाईंचा फोन मागून घेतला. पान झटकन उघडलं.

"दुसरा टँकर पाच वाजता, गल्ली सहा," द्वारकाबाईंनी मोठ्यानं वाचलं आणि कळशी उचलली. "आता कशी माणसात आलीस!"

मित्रांनो, मला पुन्हा कामाला लावा, असं मी म्हणत नाही. चीड अजून आहे, पण आता निम्मी माझी मलाच येते. तुम्ही नवं जरूर बांधा. फक्त लोकांपुढे ठेवण्याआधी ते सगळ्यांत जुन्या फोनवर एकदा उघडून बघा. नौशीन आता काही बदललं की आधी द्वारकाबाईंना हाक मारते.

"बदलू का गं फोन?" त्या दर वेळी विचारतात.

"नको मावशी," नौशीन म्हणते, "अजिबात बदलू नका."