वीसच्या आत

नगरपरिषदेच्या नऊ सभासदांपैकी एकाला सगळे नकोबा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ओ देत असे. अकरा वर्षांत त्याने एकाही नव्या नियमाला होकार दिला नव्हता. कुत्र्यांचे पट्टे, दुकानांच्या पाट्यांचे रंग, बागेतल्या बाकावर किती वेळ बसावं, सगळ्याला नको. कारणही दर वेळी तेच आणि त्याच शब्दांत.

"माणूस पापी आहे, हे आम्ही दर रविवारी गुडघे टेकून कबूल करतो. नियम करणारा माणूस, राबवणाराही माणूसच. त्याच्या हातात जितकं कमी द्याल तितकं बरं. चोर पकडा, मारामाऱ्या थांबवा, नळाला पाणी सोडा. बाकीचं राज्य ज्याने त्याने स्वतःवर चालवावं."

स्वतःवर तो चालवत होता. पहाटे साडेचारला उठणं, प्रार्थना, बिनसाखरेचा चहा, शुक्रवारी दुपारपर्यंत उपास. चर्चच्या पंचमंडळात तो वीस वर्षं होता आणि बैठकीला कधी उशिरा आला नव्हता. त्याची लॉन्ड्री होती. इस्पितळाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे धुऊन, इस्त्री करून तो रोज सकाळी स्वतः पोचवत असे. पांढरी व्हॅन, दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत लॉन्ड्रीचं नाव.

त्या वर्षीच्या दुसऱ्या बैठकीत शाळेच्या गल्लीतल्या रहिवाशांचा अर्ज आला. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी "एक पांढरी गाडी" फार जोरात जाते, मुलांच्या जिवाला धोका आहे, तरी गतिरोधक बसवावा. खाली त्रेचाळीस सह्या. अर्ज घेऊन आल्या होत्या त्या गणिताच्या निवृत्त बाई. त्यांचं घर गल्लीच्या मध्यावर होतं. त्यांनी दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर मोजलं होतं, साठ मीटर. हातातल्या घड्याळावर वेळ धरून केलेल्या पंधरा दिवसांच्या नोंदी होत्या.

"सरासरी वेग ताशी एकोणपन्नास," बाई म्हणाल्या. "सर्वांत जास्त छप्पन्न. गुरुवारी."

नकोबा उठला. "एका बेशिस्त माणसासाठी सगळ्या गावाने आदळायचं का? त्या माणसाला पकडा. कोण आहे तो?"

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"गाडीवरचं नाव वाचू का?" बाईंनी विचारलं.

नकोबा खाली बसला. आपण जोरात चालवतो हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. साखर मोजली होती, झोप मोजली होती, पण वेगाच्या काट्याकडे कधी पाहिलं नव्हतं. अर्ज पुढे ओढून त्याने सह्या वाचल्या. तिसरी सही त्याच्या बायकोची होती.

घरी तिने लपवलं नाही. "मला विचारलं, गाडी जोरात जाते का. म्हटलं, जाते. मग सही केली."

"मला सांगायचंस."

"सांगितलं की. तीन वर्षं सांगतेय, अहो जरा हळू. तुम्हाला वाटायचं मी इस्त्रीबद्दल बोलतेय."

पुढच्या बैठकीत त्याने नव्वद दिवस मागितले, रविवार सोडून. त्या गल्लीत तो वीसच्या आत चालवेल. एकदाही चुकला, तर गतिरोधकाचा ठराव स्वतः मांडेल आणि सभासदत्व सोडेल. "मी अकरा वर्षं सांगतोय की माणूस स्वतःला आवरू शकतो. मला ते दाखवू द्या."

बाईंना हरकत नव्हती. "अकरा सेकंद," त्या म्हणाल्या. "साठ मीटरला त्याच्या खाली आलात तर मी हात वर करीन."

दुसऱ्या दिवसापासून त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागल्या. व्हॅन यायची, सायकलवाली मुलं तिला मागे टाकून जायची, एखादं पोरटं काचेवर टकटक करून विचारायचं, "काका, ढकलू का?" बाई घड्याळ बघून मान हलवायच्या. इस्पितळाच्या भांडारवाल्याने दोनदा विचारलं की गाडीत काही बिघाड झालाय का. चर्चमध्ये पाळकांनी पाठ थोपटली आणि युवकांपुढे आत्मसंयमावर चार शब्द बोलायला सांगितलं. नकोबा पंचवीस मिनिटं बोलला.

साठाव्या दिवशी बाईंनी त्याला थांबवलं. "दोन दिवस बहिणीकडे जातेय. मी नाही."

"काही काळजी करू नका."

"मी कशाला करू?"

एकसष्टाव्या दिवशी तो एकोणीसने गेला. बासष्टाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गल्ली रिकामी, फाटक बंद, खुर्ची आत. इस्पितळातून फोन आलेला नव्हता, चादरी वेळेत झाल्या होत्या, उलट तो चार मिनिटं लवकर निघाला होता. दुसरा खांब मागे पडल्यावर त्याने काट्याकडे पाहिलं. बावन्न.

चादरी पोचवून तो परत आला. बायको ओट्यावर अभ्र्यांच्या जोड्या लावत होती. त्याने चप्पल काढली आणि तिथेच उभा राहिला.

"किती?" तिने विचारलं.

"बावन्न."

"कशाची घाई होती?"

"कशाची नव्हती."

तिने आणखी दोन जोड्या लावल्या. "म्हणजे साठ दिवस बाई खुर्चीत बसत होत्या, आणि तुम्ही त्याला आत्मसंयम म्हणत होता."

"असं कसं बोलतेस? उपास मी करतो, तेव्हा कोण बसलेलं असतं खुर्चीत?"

"करता हो. नाही कुठे म्हटलं? त्याचं श्रेय घ्या. याचं घेऊ नका." अभ्र्यांचा गठ्ठा तिने त्याच्या हातात दिला. "सभेत सांगता ना, सत्ता माणसाच्या हातात असते आणि माणूस पापी असतो? स्टीअरिंग कुणाच्या हातात असतं?"

तो गठ्ठा घेऊन उभा राहिला. "कुणी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. हे वाक्य आपल्याच तोंडून आलं याचं त्याला आश्चर्य वाटलं असावं, कारण गठ्ठा खाली ठेवून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली आकडा लिहिला.

बैठक सोमवारी होती. नकोबाने उभं राहून तारीख, वार, वेळ आणि आकडा सांगितला.

अध्यक्षांना ते आवडलं नाही. "साक्षीदार नाही, तक्रार नाही. मग नोंदीत कशाला घ्यायचं? उद्या प्रत्येक जण उठून आपापलं सांगायला लागला तर कामकाज कधी व्हायचं?"

दोन सभासदांनी लगेच अनुमोदन दिलं. पण बांधकाम अभियंता तयारीत होता. त्याने टेबलावर मोठा नकाशा पसरला. सगळ्या गावात मिळून सतरा गतिरोधक, सहा कॅमेरे, दंडाची पावती आणि देखरेखीला पाच जणांची समिती.

"नकोबांसारखा माणूस स्वतःला आवरू शकत नाही," तो म्हणाला, "तर इतरांचं काय?"

चार जणांनी माना डोलावल्या.

"माझा राजीनामा खिशात आहे," नकोबा म्हणाला. "पण आधी मत देतो, मग तो देतो. मी एका गल्लीत चुकलो. तिथे एक गतिरोधक बसवा. एक. वर्षाने पुन्हा मतदान घ्या, गरज नसेल तर उखडा. कॅमेरे नकोत, समिती नको. पाच जणांची समिती म्हणजे आणखी पाच पापी. मी एकटा पुरे आहे."

"उंची?" अभियंत्याने विचारलं. "मी बारा सेंटिमीटर धरली होती."

"सात."

"सातने फार तर कपबशा हलतील."

"दहा करा," मागच्या बाकावरून बाई म्हणाल्या. "मी त्यांना चालवताना पाहिलंय."

नकोबाने मान तुकवली. दहा सेंटिमीटरचा एक गतिरोधक, एका वर्षासाठी, असा ठराव त्याने मांडला आणि त्याच्या बाजूने हात वर केला. पाच विरुद्ध चार. लेखनिकाने हात दोनदा मोजले. त्याने सवयीने नकोबाचं नाव आधीच विरोधाच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं, ते खोडलं.

मग राजीनामा. छापील अर्जात कारणाचे तीन पर्याय होते: प्रकृती, स्थलांतर, इतर. नकोबाने इतरवर खूण केली.

"कंसात लिहावं लागतं," लेखनिक म्हणाला.

त्याने लिहिलं, बावन्न. लेखनिकाने शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात परिषदेने एकाच दुपारी नऊ नियम मंजूर केले. एकालाही विरोध झाला नाही आणि सगळे चहाच्या आधी घरी गेले. शनिवारी नकोबा सूचना फलकासमोर उभा राहून एकेका ओळीखाली बोट धरत नियम वाचत होता. त्यातला एकही त्याला पटला नाही. पाळायचे मात्र सगळे, हे त्याने उभ्या उभ्या ठरवलं. बाई भाजीची पिशवी घेऊन शेजारी येऊन थांबल्या आणि चष्मा लावला.

"सहावा वाचलात?" त्यांनी विचारलं.

सहाव्यात सूचना फलकासमोर गर्दी करू नये असं होतं.

"दोघं म्हणजे गर्दी का हो?"

"व्याख्या दिलेली नाही," नकोबा म्हणाला, आणि बाईंना पुढे वाचता यावं म्हणून बाजूला झाला.